फुलांच्या वाफ्याला दगडी कड: सिमेंटआधी पायाचा विचार करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. हिरवळीला लागून फुलांचे वाफे आहेत. त्यांच्या कडेने दगड ओळीने मातीवर ठेवले आणि मधल्या फटींत माती दाबली. काही महिन्यांत निम्मे दगड आत कलले, काही खचले. पावसात फटींतून माती वाहून हिरवळीवर येते आणि उलट बाजूने गवत वाफ्यात शिरते. आता हेच दगड सिमेंटमध्ये पक्के करावेत, की दुसरा चांगला दगड आणावा?

दोन्ही नको. दगड तेच राहू द्या, सिमेंटची गोणी बाजूला ठेवा आणि खोदायला घ्या. तुमची कड बिघडली ती दगडाखाली काहीच नव्हते म्हणून. वाफ्याची माती भुसभुशीत असते, तशी ती असायलाच हवी. पण अशा मातीवर पंधरा-वीस किलोचा दगड ठेवला की तो हळूहळू बसत जातो, आणि सगळीकडून सारखा बसत नाही. हिरवळीकडची जमीन दाबलेली असते, वाफ्याकडची खणलेली. म्हणून दगड कलला की बहुतेक वेळा वाफ्याकडेच कलतो. सिमेंट घातल्याने दगड एकमेकांना धरून राहतील, पण खालची माती खचायची थांबणार नाही. मग एकेक दगड कलण्याऐवजी अख्खी ओळ तडकेल आणि दुरुस्तीला छिन्नी-हातोडा घेऊन बसावे लागेल. कोरड्या रचनेत एखादा दगड हलला तर तो काढून पुन्हा बसवायला फार वेळ लागत नाही.

खोदण्याआधी या कडेकडून नेमके काय काम हवे ते ठरवा. वाफा हिरवळीच्याच पातळीत असेल आणि गवत व फुले वेगळी राहावीत एवढेच हवे असेल, तर जमिनीत बसवलेला सपाट, रुंद दगड सगळ्यात चांगला. गवत कापायच्या यंत्राचे चाक त्यावरून जाते आणि कडेचे गवत हाताने कातरत बसावे लागत नाही. वाफा १०-१५ सेंटीमीटर उंच असेल आणि माती धरून ठेवायची असेल तर जाड किंवा उभा दगड हवा. हिरवळ आणि उंच वाफा असे दोन्ही असेल तर मी दोन ओळी घालायला सांगतो: आतली उंच, बाहेरची सपाट. खर्च आणि मेहनत वाढते हे खरे. पण उंच दगडाच्या पायथ्याशी यंत्राचे पाते पोचत नाही आणि तिथे गवताची झालर कायम वाढत राहते. सपाट ओळ हा त्रास मिटवते. तुमच्या वर्णनावरून तुम्हाला हीच दोन ओळींची कड लागेल असे दिसते. मात्र माती ४५ सेंटीमीटरच्या वर अडवायची असेल तर ती कड राहत नाही, संरक्षक भिंत होते. तिचा पाया, तिच्या मागचा निचरा, तिचा मागे दिलेला कल यांचा हिशेब वेगळा असतो. खाली जे सांगतो आहे ते तिला लावू नका.

आता दगडाबद्दल. जो दगड आसपास सहज मिळतो तो बहुधा पुरेसा असतो, फक्त त्याचा स्वभाव ओळखायला हवा. बेसाल्ट आणि ग्रॅनाइट घट्ट असतात, पाणी फारसे पीत नाहीत, वर्षानुवर्षे टिकतात, पण घडवायला कष्ट पडतात. वाळूचा दगड फोडायला सोपा आणि रंगाने छान, पण तो पाणी शोषतो. जिथे हिवाळ्यात गोठते तिथे आत मुरलेले पाणी बर्फ होताना साधारण ९ टक्के फुगते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. थरांच्या दगडाबाबत गवंड्यांचा एक जुना नियम आहे आणि तो कडेलाही लागू होतो: दगड खाणीत जसा आडवा पडलेला होता तसाच आडवा बसवायचा. पातळ थरांची फरशी उभी गाडली तर तिचे थर आकाशाकडे उघडे राहतात, पाणी सरळ आत उतरते आणि फरशी वहीच्या पानांसारखी सुटत जाते. उभीच लावायची असेल तर ग्रॅनाइटसारखा बिनथराचा दगड घ्या.

चुनखडीचा दगड असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. दगडाच्या ताज्या फुटलेल्या भागावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बुडबुडे आले तर दगडात चुना आहे. बहुतेक फुलझाडांना त्याचे काही वाटत नाही. पण अझेलिया, कॅमेलिया, ब्लूबेरी अशी आम्लधर्मी मातीतली झाडे कडेला लागून असतील तर तिथली माती कालांतराने अल्कधर्मी होऊ शकते, पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ताज्या सिमेंटचेही तसेच आहे. अशा वाफ्याला दुसरा दगड शोधा.

गोल गोटे दिसायला सुंदर, पण कड म्हणून अवघड. दोन गोलाकार दगड एकमेकांना धरतच नाहीत, पाय लागला की घरंगळतात. वापरायचेच असतील तर निम्म्याहून जास्त गाडा किंवा मोर्टारमध्ये (सिमेंट-वाळूच्या मिश्रणात) बसवा. आणि नदीच्या पात्रातून उचलून आणू नका. त्या दगडांखाली जीव राहतात, आणि अनेक ठिकाणी ते परवानगीशिवाय उचलणे बेकायदाही आहे.

किती दगड लागतील हे नजरेने ठरवू नका. ३ मीटर व्यासाच्या गोल वाफ्याचा परीघ ९.४ मीटर होतो. ३० सेंटीमीटर लांबीचे दगड घेतले तर ३२ लागतात, फुटतूट आणि निवडीसाठी दहा टक्के जास्त धरले तर ३५. आता वजन पाहा: ३० बाय १५ बाय १५ सेंटीमीटरचा बेसाल्ट साधारण १९-२० किलोचा असतो. म्हणजे एका छोट्या वाफ्यासाठी जवळपास ७०० किलो दगड. तो गाडीतून उतरवून कुठे ठेवणार, वाफ्यापर्यंत कसा नेणार, पाठीला किती झेपणार, याचा विचार आधी केला तर काम दोन-तीन दिवसांत वाटून घेता येते. वाकून उचलू नका, गुडघ्यात बसून उचला, आणि बोटे चेंगरणार नाहीत अशी जाड हातमोज्यांची जोडी घ्या. जुने, बाहेर पडून राहिलेले दगड उचलताना पहारीने आधी आपल्याकडे कलते करा, म्हणजे दगडाची पलीकडची बाजू उघडते. खाली विंचू किंवा साप असेल तर त्याला तुमच्याकडे न येता निघून जायला वाट मिळते.

आखणी करताना वळणदार कडेसाठी बागेचा पाइप उन्हात थोडा तापवून जमिनीवर टाका, तो मऊ होतो आणि आपोआप गुळगुळीत वळण घेतो. मग दूर जाऊन पाहा, जिथून तुम्ही बाग रोज बघता तिथून, खिडकीतूनसुद्धा. जवळून छान वाटणारी बारीक नागमोड लांबून विस्कटलेली दिसते. एक-दोन मोठी, संथ वळणे नेहमी चांगली. शक्य असेल तर गवत कापायचे यंत्र त्या रेषेवरून ढकलून बघा. ते जिथे वळत नाही तिथे कडही वळवू नका. सरळ कडेला खुंट्या आणि ताणलेली सुतळी, गोल वाफ्याला मधोमध एक खुंटी आणि दोरी. काटकोन हवा असेल तर एका बाजूवर ३ मीटर, दुसऱ्या बाजूवर ४ मीटर मोजा आणि त्या दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ मीटर येईपर्यंत सुतळी सरकवा. रेषा पक्की झाली की चुन्याच्या भुकटीने किंवा कोरड्या वाळूने आखून घ्या.

चराची खोली अशी काढा. उंच दगडाचा किमान एक तृतीयांश भाग जमिनीखाली जायला हवा. त्याखाली ७ सेंटीमीटर दाबलेली खडी आणि तिच्यावर ३ सेंटीमीटर कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा. म्हणजे दगड ३० सेंटीमीटर उंच असेल तर १० अधिक ७ अधिक ३, असा २० सेंटीमीटरचा चर. सपाट ओळीच्या दगडाची जाडी ८ सेंटीमीटर असेल तर चर १८ सेंटीमीटर, कारण तो पूर्ण आत जातो आणि त्याचा माथा मातीच्या पातळीत येतो, गवताच्या पात्यांच्या उंचीला नव्हे. रुंदी दगडापेक्षा दोन्ही बाजूंना ५ सेंटीमीटर जास्त ठेवा, नाहीतर धुम्मस (माती ठोकायचे जड अवजार) फिरायला जागा राहत नाही. जमीन कडक गोठते अशा भागात खडीचा थर दुप्पट करा. तिथे ओली माती फुगून दगड वर ढकलते, आणि पाणी निचरून जाईल अशी जाड खडीच त्याला आळा घालते.

चराचा तळ जुन्या, न खणलेल्या जमिनीवर पोचायला हवा. वाफा नुकताच खणला असेल आणि तळाला अजून पोकळ माती लागत असेल तर ती काढून टाका किंवा पाणी मारून, धुम्मसाने ठोकून घट्ट करा. तळावर टाच रोवून पूर्ण वजन टाका, ठसा उमटला तर अजून ठोका. खडी कोनेदार, फोडलेली घ्या, लहान-मोठी मिसळलेली. गोल खडी कितीही ठोकली तरी एकमेकींत अडकत नाही. तीही एकदम न ओतता दोन थरांत टाका, हलके पाणी मारा आणि प्रत्येक थर ठोका. हे काम कंटाळवाणे आहे आणि पूर्ण झाल्यावर कुणाला दिसतही नाही, म्हणून सगळ्यात जास्त टाळाटाळ इथेच होते. वरचा कचाचा थर मात्र ३ सेंटीमीटरपेक्षा जाड करू नका. जाड थर पाण्याबरोबर सरकतो आणि मुंग्याही तो पोखरून बाहेर काढतात. कच नसेल तर जाडी भरडी वाळू चालते.

दगड बसवायला सुरुवात सगळ्यात खालच्या जागेपासून किंवा ज्या कोपऱ्यावर नजर आधी जाते तिथून करा. हातातला पहिला दगड पहिल्या जागी ठोकून देऊ नका. आधी सगळे दगड ओळीने हिरवळीवर मांडून घ्या, चांगल्या तोंडाचे बाहेर, मोठे दगड टोकांना आणि वळणाच्या सुरुवातीला. सगळे मोठे एकीकडे आणि सगळे चुरे दुसरीकडे अशी कड वाईट दिसते आणि लहान दगडांकडूनच आधी सुटते.

एक दगड कसा बसतो ते नीट सांगतो, कारण सगळी कड याच एका कृतीची पुनरावृत्ती आहे. कच फळीने सपाट करा. दगड ठेवा, दोन्ही हातांनी दाबत डावी-उजवीकडे थोडा फिरवा, मग रबरी हातोड्याने मधोमध दोन-तीन ठोके द्या. आता तो सरळ वर उचलून बाजूला ठेवा आणि कचातला ठसा पाहा. जिथे कच चमकदार, घट्ट दाबला गेला आहे तिथे दगडाचे पोट खाली आले आहे. तिथला कच थापीने खरवडा. जिथे कच मोकळाच राहिला आहे तिथे दगडाखाली पोकळी आहे. तिथे मूठभर भर घाला. पुन्हा ठेवा, पुन्हा ठोका. ठसा बहुतेक सगळीकडे सारखा दिसला की झाले. मग दगडाच्या चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने पाय देऊन वजन टाका. किंचितही डुगडुगला तर तो दगड बसलेला नाही. फटीत दगडाची चीप ठोकून डुगडुग थांबवायचा मोह होतो, पण वरून ठोकलेली चीप काही दिवसांत सैल होते. खालचाच कच नीट करा. बसलेल्या दगडावर हातोड्याचा आवाजही वेगळा येतो, भरीव, पोकळ नव्हे. दहा-बारा दगड झाले की कान आपोआप तयार होतो.

प्रत्येक दोन-तीन दगडांनंतर पाणसळ आडवी आणि उभी लावून बघा, सुतळीशी माथा जुळवा. अनघड दगडांचे माथे एका रेषेत येणार नाहीत, यायची गरजही नाही, फक्त एकदम उंच-सखल उडी नको. दगड जितके जवळ बसतील तितके चांगले, फट एक सेंटीमीटरच्या आत ठेवा. वळणावर आयताकृती दगडांच्या बाहेरच्या बाजूला पाचरीसारखी फट उघडते. त्यावर उपाय दोनच: आखूड दगड वापरा किंवा दगडांच्या बाजू छिन्नीने तिरक्या घडवा. मोर्टारने त्या पाचरी भरून काढलेल्या दिसतात, पण तिथेच पहिले तडे जातात. दगड फोडताना डोळ्यांवर चष्मा हवाच. यंत्राने कापत असाल तर पाणी सोडत कापा आणि धूळ अडवणारा चांगला मास्क लावा. ग्रॅनाइट आणि वाळूच्या दगडाच्या धुळीतला सिलिका फुप्फुसात साचतो आणि तिथून परत निघत नाही.

ओळ पूर्ण झाली की उंच दगडांच्या मागे, वाफ्याच्या बाजूने, पाणी झिरपू देणाऱ्या जिओटेक्स्टाइल कापडाची पट्टी उभी लावा. तुमची माती फटींतून वाहते आहे, तिला अडवायला ही पट्टी पुरते. पाणी जाते, माती राहते. हे कापड फक्त दगडाच्या पाठीला. संपूर्ण वाफ्यात अंथरू नका, झाडांना फुटवे आणि मातीला खत मिळायला ते आड येते. मग दोन्ही बाजूंनी थोडी थोडी माती टाकत एकाच वेळी ठोकत वर या. एकच बाजू आधी भरली तर दगड लगेच दुसरीकडे झुकतो. वाफ्यातली माती दगडाच्या माथ्यापेक्षा ३ ते ५ सेंटीमीटर खाली ठेवा, म्हणजे पालापाचोळ्याचे आच्छादन पावसात बाहेर तरंगून जाणार नाही.

आता गवत. इथे स्पष्ट सांगायला हवे की दगड गवताला थांबवत नाही, फक्त त्याची चाल मंदावतो. झुपक्याने वाढणारे गवत असेल तर काही अडचण नाही. पण हरळीसारखे गवत वरून धावत्या फांद्यांनी आणि खालून आडव्या खोडांनी पसरते, आणि दगडांमधली बोटभर फट त्याला राजमार्ग वाटते. म्हणून चर खोदतानाच हरळीचा प्रत्येक तुकडा वेचून काढा. एका पेराचा तुकडा राहिला तरी तो फुटतो, आणि मग दगडाखालून फुटलेली हरळी दगड काढल्याशिवाय निघत नाही. खणलेल्या मातीतही तिचे तुकडे असतात, ती माती चाळल्याशिवाय वाफ्यात परत टाकू नका. हिरवळीच्या बाजूने, बाहेरच्या दगडाला टेकून, १५ ते २० सेंटीमीटर रुंदीची जाड प्लास्टिकची पट्टी उभी गाडली तर खालून येणारी बरीच खोडे अडतात. तिचा माथा मातीच्या पातळीत ठेवा, वर डोकावला तर पात्यात अडकेल. वरून येणाऱ्या फांद्यांना मात्र धारदार कुदळीने किंवा अर्धगोल फावड्याने कडेला लागून कापत राहणे हाच इलाज. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा कापले तर काम सोपे राहते. फटींत मीठ टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ते पाण्याबरोबर वाफ्यात उतरते आणि फुलझाडांची मुळे जाळते.

सिमेंट अजिबात वापरायचे नाही असे माझे म्हणणे नाही. कडेवरून हातगाडी जाणार असेल, मुले तिच्यावर चालणार असतील, गोटे किंवा फार लहान दगड असतील, तर मोर्टार योग्य आहे. तेव्हाही खालची खडी तेवढीच लागते. तिच्यावर काँक्रीटचा पट्टा टाकून त्यात दगड बसवा, एक भाग सिमेंटला चार ते पाच भाग वाळूच्या मोर्टारने दगडांमधल्या फटी भरा, आणि आठवडाभर ओले ठेवा. दर मीटर-दीड मीटरवर एक फट मोर्टारशिवाय मोकळी सोडा, नाहीतर वाफ्यात पाणी तुंबून मुळे सडतील. ओले सिमेंट कातडी भाजते, उघड्या हातांनी कालवू नका.

उतारावर असलेल्या वाफ्याची कड म्हणजे पाण्याला घातलेला बांधच असतो. पाणी कुठून येते आणि कुठे जाते ते एका जोरदार सरीत उभे राहून बघून ठेवा. सखल बाजूला दोन दगडांमध्ये जरा रुंद फट ठेवून मागे मूठभर खडी भरली की पाणी निघते. उतारावर उंच दगड पायऱ्यांसारखे टप्प्याटप्प्याने उतरवा, प्रत्येक दगड सपाटच राहू द्या.

झाडाच्या बुंध्याभोवती दगडांचे कडे करून आत माती भरायची पद्धत मला फार खुपते. बुंध्याची साल मातीत गाडली गेली की सतत ओली राहून कुजते, आणि झाड काही वर्षांत खंगते तेव्हा कारण कुणाच्या लक्षात येत नाही. कडे करायचेच तर बुंध्यापासून दूर करा आणि मातीची मूळची पातळी वाढवू नका. चर खोदताना मनगटाएवढे मूळ लागले तर ते तोडू नका. तिथे चर उथळ ठेवा आणि वरून पातळ दगड बसवा.

काळा दगड दिवसभर तापतो, त्याला लागून नाजूक रोपे लावली तर ती कोमेजतात. दगडाच्या लगत पोर्टुलाका, सेडम, थाईम अशी उष्णता सोसणारी, पसरून दगडावर ओघळणारी रोपे लावा. दगडाखालच्या ओलाव्यात गोगलगायी दडतात हे खरे, पण त्यांना खाणारे बेडूक आणि भुंगेरेही तिथेच राहतात, म्हणून फटी औषधाने धुवू नका.

कड झाली की पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर तिच्यावरून एकदा चालत जा. जो दगड हलेल तो तेव्हाच काढा, कच नीट करा, पुन्हा बसवा. सुरुवातीच्या या दुरुस्तीत दोन-चार दगड निघणारच, ते काम बिघडल्याचे लक्षण नाही. त्यानंतर वर्षातून एकदा फटींत कच भरणे, रुजलेले तण बी धरायच्या आत उपटणे आणि दगडावर चढलेली माती खरवडून खाली घेणे एवढेच राहते. सध्याचे दगड काढताना त्यांच्यावर खडूने क्रमांक घालून ठेवा. ज्यांची तोंडे आधीच चांगली जुळली होती ते पुन्हा शेजारी-शेजारी बसवता येतील आणि तुमचा निवडीचा निम्मा वेळ वाचेल.